इथे माणसे आहेत

प्रवास आणि पंगत या दोन प्रसंगी माणसाचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : मी कोठे बसायचे आणि माझी माणसे कोठे बसायची? आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्यांतून एखादे कार्य निघाले म्हणजे पाने वाढण्यापूर्वी घरातील एखादे वडीलधारे गृहस्थ दारात उभे राहत आणि "लेकुरवाळ्यांना आधी बसवा, पोरं भुकेजली आहेत," असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बजावीत. पाटावर कोणाचे नाव लिहिलेले नसे, क्रमांक तर नसेच; तरीही आई एका टोकाला आणि तिचे पोर दुसऱ्या टोकाला असे घडल्याचे मला आठवत नाही. कोणीतरी सरकून घेई, कोणीतरी उठून दुसऱ्या पाटावर जाई, आणि त्याची वाच्यताही होत नसे.

ही पंगत मला पुन्हा भेटली ती गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील एका विमानात.

आमची कन्या टेक्सस राज्यातील डॅलस येथे असते. तिचे दुसरे बाळंतपण जवळ आले होते, म्हणून शाळेची उन्हाळी सुट्टी आणि शिल्लक रजा यांची सांगड घालून मी व आमची सौ. तिकडे गेलो होतो. प्रसूतीस अजून महिनाभर अवकाश होता. नातवाची शाळा नुकतीच सुटली होती, आणि मुलीला चार दिवस विसावा मिळावा म्हणून नातवाला घेऊन शिकागोस त्याच्या मामाकडे, म्हणजे आमच्या धाकट्या चिरंजिवांकडे, जाऊन यावे असे ठरले. मामाकडे जायचे म्हटल्यावर पोराचा उत्साह काय वर्णावा! पाठीवरच्या पिशवीत त्याने आपली खेळणी दोन दिवस आधीच भरून ठेवली होती. प्रवास सव्वादोन-अडीच तासांचा; मध्ये थांबा नाही. वरकरणी यात काळजी करण्यासारखे काही नव्हते.

डॅलस हे साउथवेस्ट एअरलाइन्स या कंपनीचे माहेर. १८ जून १९७१ रोजी तिची विमाने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये उडू लागली. डॅलसमध्ये तिचा तळ आहे तो लव्ह फील्ड या विमानतळावर. नाव ऐकून मनात येते तसा त्याचा प्रेमाशी संबंध नाही. १९१३ मध्ये विमान-अपघातात मृत्यू पावलेल्या मॉस लव्ह या लष्करी अधिकाऱ्याचे ते स्मारक आहे. आरंभी या कंपनीची परिस्थिती बेताचीच होती. १९७२ मध्ये चारांपैकी एक विमान विकावे लागले. तेव्हा उरलेल्या तीन विमानांत चारांचे वेळापत्रक पार पाडण्यासाठी, उतरलेले विमान अवघ्या दहा मिनिटांत पुन्हा सोडण्याचा परिपाठ तिने घातला. इतक्या घाईत आसनांचे क्रमांक शोधत बसायला सवड कोठली? आत या, रिकामी जागा दिसेल तेथे बसा, म्हणजे विमान हलेल, असा सगळा रोखठोक मामला. पुढे ही कंपनी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या विमान कंपन्यांपैकी एक झाली, परंतु आसन-क्रमांक न देण्याची ही रीत तिने अर्धशतकाहून अधिक काळ चालू ठेवली. आम्ही गेलो तेव्हाही ती चालू होती.

अर्थात क्रमांक नसला तरी क्रम होता. प्रवाशाच्या पासावर ए, बी किंवा सी हे अक्षर आणि त्यापुढे एक ते साठपैकी एक आकडा असे. आकड्यांची ही पद्धत २००७ मधली. त्यापूर्वी नुसती अक्षरे असत आणि माणसे आपापल्या अक्षराखाली रांग धरून तिष्ठत राहत. विमानाच्या दाराशी ओळीने खांब उभे केलेले असत, त्यांवर १ ते ५, ६ ते १० असे आकडे. ज्याने त्याने आपल्या आकड्याच्या खांबापाशी उभे राहायचे आणि पुकारा झाला की चालू लागायचे. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगा तीस वर्षे लावत आलेल्या माणसाला ती शिस्त पाहून किती बरे वाटले असेल, हे शिक्षक वाचकांस सांगावयास नको.

आता त्यातील गणित असे. कंपनीची सारी विमाने बोइंग ७३७ जातीची. त्यांतील मोठ्या विमानात १७५ आसने. मधून जाण्या-येण्याची वाट आणि तिच्या दोन्ही अंगांस तीन-तीन आसनांच्या ओळी. आधी आत शिरणारा मनुष्य एक तर खिडकी धरतो नाहीतर वाटेकडची जागा. दोन अपरिचितांच्या मधल्या जागेत आपण होऊन कोण बसेल? त्यामुळे ए आणि बी या गटांतील एकशेवीस माणसे बसून झाली की सी गटासाठी उरतात त्या बहुतेक मधल्या जागा, त्याही एक येथे तर एक तेथे विखुरलेल्या. एकट्या माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही. परंतु मूल घेऊन निघालेल्या आईबापांनी काय करावे?

त्यासाठी कंपनीने लेकुरवाळ्यांची पंगत ठेवली होती. ए गट आत गेला की बी गटाच्या आधी, सहा वर्षे किंवा त्याहून कमी वयाचे मूल आणि त्याच्यासोबतची दोन मोठी माणसे यांना पुकारीत. त्या वेळी मागच्या बाजूस सबंध ओळी मोकळ्या असत, आणि कुटुंबे एकत्र बसत. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटली. सर्वांत पुढच्या जागा लेकुरवाळ्यांना द्याव्यात असे काही तीत नव्हते. पण मूल आणि आई यांची ताटातूट होऊ नये एवढे तीत नक्की होते.

आमच्या पासावरचे आकडे होते सी २१, २२ आणि २३. दोष सर्वस्वी आमचा. विमान सुटण्याच्या बरोबर चोवीस तास आधी संगणकावर नोंद करावयाची असते. जो आधी करील त्याचा आकडा आधीचा. नेमक्या त्या वेळी कन्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेलेली. घरी आल्यावर गडबडीत ती विसरली, आणि आम्हा दोघांना त्यातले काही ठाऊकच नव्हते. सात तासांनी आठवण झाली, तोवर सी गट निम्म्यावर आला होता. राहता राहिला लेकुरवाळ्यांचा पुकारा. पण नातवास सात वर्षे पूर्ण होऊन तेवीस दिवस झाले होते.

"अहो, सहाच सांगा ना," खांबापाशी उभे असता सौ. हळूच म्हणाली. "तेवीस दिवसांचा तर प्रश्न. इथं कोण जन्मपत्रिका मागतंय?"

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. देशांतर्गत प्रवासात लहान मुलांकडे ओळखपत्र मागत नाहीत. पोर अंगानेही किरकोळ. पाच वर्षांचा म्हटले तरी खपून गेला असता. आणि तिची चिंता केवळ नातवापुरती नव्हती, हे मला कळत होते. विमान वर चढू लागले की सौ.ला धाप लागल्यासारखे होते. माझा नाहीतर कोणाचा तरी हात घट्ट धरल्याखेरीज तिला धीर वाटत नाही. त्यात इंग्रजी येत नाही. सव्वादोन तास दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये बसून काढावयाचे, या कल्पनेनेच तिचा चेहरा उतरला होता.

परंतु मी मुख्याध्यापक. दर वर्षी शाळा उघडली की माझ्या टेबलासमोर पालक उभे असतात : "सर, दोनच महिन्यांनी कमी आहे, तेवढं सांभाळून घ्या." प्रवेशाच्या दाखल-खारीज नोंदवहीत जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे मी माझ्या हाताने लिहितो, आणि त्या पालकांना परत पाठवतो. आपल्या नातवाचे वय विमानाच्या दाराशी तेवीस दिवसांनी खाली आणले, तर पुढच्या महिन्यात त्याच टेबलाशी मी कोणत्या तोंडाने बसणार होतो? आणि माझ्याहून मोठा अडसर तर आमच्या दोघांच्या मध्येच उभा होता. त्याचे मराठी बोलणे मोडकेतोडके, पण त्याला समजते सगळे. तो मान वर करून म्हणाला, "आजी, मी सहा नाही. मी सात आहे."

सात वर्षांचे होण्याचा अभिमान केवढा असतो, हे सत्तावन्नाव्या वर्षी आपण विसरलेले असतो. लेकुरवाळ्यांचा पुकारा झाला. दोन-तीन कुटुंबे आत गेली. आम्ही आमच्या खांबापाशीच उभे राहिलो. सौ. काही बोलली नाही. तिने नातवाचा हात मात्र दोन्ही हातांत धरून ठेवला.

त्या रांगेत उभे असता मला खांडव्याचा फलाट आठवू लागला. इंदूरकर मराठी माणसाला खांडव्याची ओळख करून देण्याची गरज नाही. त्या काळी महाराष्ट्रात जावयाचे म्हणजे इंदूरहून मीटरगेजच्या गाडीने महू, पाताळपाणीचा घाट आणि नर्मदा ओलांडून खांडव्यास यायचे, आणि तेथे मोठ्या रुळांवरची गाडी पकडायची. १९७८ चा उन्हाळा. मी दहा वर्षांचा. आम्ही सहा माणसे पुण्यास मुंजीसाठी निघालो होतो, आरक्षण नव्हते. गाडी थांबते न थांबते तोच वडिलांनी मला हमालाच्या खांद्यावर दिले, हमालाने गज नसलेल्या खिडकीतून मला आत ढकलले आणि पाठोपाठ वडिलांचा पंचा आत आला. "बाकावर आडवा पड. कुणी विचारलं तर सांग, इथं माणसं आहेत."

मी आडवा पडलो. पाय जितके ताणता येतील तितके ताणले. आमची माणसे अजून दाराशी रेटारेटीत अडकली होती. तेवढ्यात एक वृद्ध जोडपे डब्यात आले. बाईंच्या डोक्यावर गाठोडे, बोलणे खानदेशी वळणाचे. बाई वाकून मला म्हणाल्या, "बाळा, जरासा सरकतोस का?" मी शिकवलेले वाक्य खणखणीत आवाजात म्हटले : "इथं माणसं आहेत." बाकावर माझ्याशिवाय कोणी नव्हते, हे त्यांना दिसत होते. त्या काही बोलल्या नाहीत. दाराजवळ गाठोडे टेकून त्यावर बसल्या आणि आजोबा त्यांच्या शेजारी उभे राहिले. आमची माणसे आली, बाक भरला, आईने दशम्यांचा डबा सोडला, वडिलांनी माझ्या हुशारीचे कौतुक केले. ते जोडपे भुसावळपर्यंत तसेच आले. बाकावर आणखी दोघांपुरती जागा सहज झाली असती.

वडिलांना मी दोष देत नाही. सहा माणसांचे बिऱ्हाड, आईच्या कडेवर धाकटे भावंड. त्यांना त्यांची माणसे एकत्र ठेवायची होती. त्या दिवशी मला जे हवे होते, तेच आज मला येथे हवे होते. फरक एवढाच की आज पंचा दुसऱ्याचा होता.

आमचा पुकारा झाला. आत शिरताच अपेक्षेप्रमाणे दृश्य दिसले. खिडक्या भरलेल्या, वाटेकडच्या जागा भरलेल्या, मध्ये एकेक रिकामे आसन. एका ओळीत मधल्या आसनावर कोणाचे तरी जाकीट पसरले होते आणि शेजारचा तरुण हातातल्या फोनमध्ये अगदी बुडून गेल्यासारखा दिसत होता. अशी जागा धरून ठेवू नये असा कंपनीचा नियम नव्हता, आणि ठेवावी असाही नव्हता. जाकीट दिसले मात्र, मी मनात म्हटले, हा तर आपला पंचा! पुढे सरकलो. मागून माणसे येत होती. काय बोलावे, याचे इंग्रजी वाक्य मी मनाशी जुळवीत होतो : 'हे मूल लहान आहे, त्याला आमच्याजवळ बसावयाचे आहे, आपली हरकत नसेल तर...' चांगले वाक्य होते, व्याकरणशुद्ध होते. पण ते घशाच्या खाली कोठेतरी अडकले होते. दुसऱ्याने सरकावे असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हे मला ठरवता येत नव्हते.

इतक्यात नातू एका ओळीपाशी थांबला. खिडकीशी कानांत यंत्रे घातलेली एक मुलगी, मध्ये मोकळी जागा, आणि वाटेकडे मांडीवर रुंद काठाची टोपी ठेवलेले एक उंच गृहस्थ. वय सत्तरीच्या घरातले. पोराने त्यांना सरळ विचारले. इंग्रजीतले ते वाक्य मराठीत सांगायचे तर असे : "माझ्या आजीला इंग्रजी येत नाही आणि तिला विमानात भीती वाटते. तिच्याजवळ मला बसायला हवं. तुम्ही दुसरीकडे बसू शकता का?"

माझे वाक्य होते की मूल लहान आहे. त्याने जे सांगितले ते उलटे होते, आणि तेच खरे होते.

त्या गृहस्थांनी पोराकडे पाहिले, मग सौ.कडे पाहिले. ती काही न कळून ओशाळे हसली. ते उभे राहिले. उभे राहताना त्यांना समोरच्या आसनाचा आधार घ्यावा लागला, म्हणजे गुडघे फारसे साथ देत नसावेत. "मग तुझ्यावर मोठंच काम आहे," असे ते पोराला म्हणाले आणि टोपी हातात घेऊन मागे चालू लागले. नातू मधल्या जागेत गेला, सौ. त्याच्याजवळ वाटेच्या कडेला टेकली. मागच्या पाचव्या ओळीत दोन्ही अंगांच्या मधल्या जागा रिकाम्या होत्या. एकीत ते बसले, दुसरीत मी.

सव्वादोन तास मला दोन दृश्ये दिसत होती. पुढे, आसनांच्या फटीतून, सौ.चा पांढुरका अंबाडा आणि तिच्याकडे कललेले नातवाचे डोके. विमान सुटण्यापूर्वी सुरक्षेच्या सूचना सांगत होते, त्या तो तिला मराठीत समजावीत होता. हवेचा दाब कमी झाला तर वरून मुखवटा खाली येईल, तो आधी मोठ्यांनी स्वतःला लावायचा आणि मग मुलाला, ही सूचना ऐकून सौ. मुळीच खूश झाली नाही. "आधी मी लावू आणि मग तुला? हे कुठलं शास्त्र?" हे वाक्य मला पाच ओळी मागे ऐकू आले. "आजी, रूल आहे," असे उत्तरही आले. पुढे विमानाने झेप घेतली तेव्हा तिचा हात कोणाच्या हातात होता, हे मला दिसले नाही. पण मला ते ठाऊक होते.

दुसरे दृश्य वाटेच्या पलीकडले. त्या गृहस्थांचे गुडघे समोरच्या आसनाला टेकले होते. हात कोठे ठेवावेत हे कळत नसल्याप्रमाणे त्यांनी ते टोपीवर जुळवून ठेवले होते. त्यांनी सोडलेली जागा कशी होती आणि घेतलेली कशी आहे, हे मी एका दृष्टिक्षेपात पाहू शकत होतो. आणि मध्ये मध्ये मला दाराजवळचे ते गाठोडे दिसत होते.

शिकागोस उतरल्यावर मी त्यांना गाठून आभार मानले. ते म्हणाले, "मधल्या जागेचा एक फायदा असतो. झोप लागली तरी माणूस कुठल्याच बाजूला पडत नाही." मग नातवाशी हस्तांदोलन करून, थोडे लंगडत, ते गर्दीत दिसेनासे झाले. त्यांचे नावही मी विचारले नाही.

ही पद्धत आता राहिलेली नाही. २०२४ च्या जुलैमध्येच कंपनीने तसे जाहीर केले होते. आपल्या प्रवाशांपैकी शेकडा ८० जणांना आणि येऊ शकतील अशांपैकी शेकडा ८६ जणांना ठरलेले आसन हवे आहे, असे तिच्या पाहणीत आढळले होते. २७ जानेवारी २०२६ पासून तिच्या विमानांतही आसनांना क्रमांक आले. सर्वांत स्वस्त तिकिटावर कंपनी देईल ते आसन. आवडीचे हवे तर अधिक मोजावयाचे. युरोपात इझीजेटने २०१२ मध्ये आणि रायनएअरने २०१४ मध्ये हाच मार्ग धरला होता. आपल्याकडेही २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनच्या विमानांत आसन-क्रमांक नसे, हे काही वाचकांना आठवत असेल. ते दिवसही संपले.

क्रमांक आले म्हणून कुटुंबे आपोआप एकत्र आली असे मात्र नाही. जेथे प्रत्येक आसनाची किंमत लावता येते, तेथे आईशेजारच्या आसनाचीही लावता येते. म्हणूनच सरकारांना मध्ये पडावे लागले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये असा आदेश काढला की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच तिकीट-नोंदीवर प्रवास करणाऱ्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी आसन द्यावे. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानेही २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, अधिक पैसे न घेता, तशाच नियमाचा प्रस्ताव मांडला. मला हे योग्य वाटते. लहान मुलाने आपल्या माणसाजवळ बसावे की नाही, हे परक्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोपवू नये. चांगली माणसे भेटतात. पण ती भेटतीलच या भरवशावर पोर विमानात चढवता येत नाही.

तथापि प्रत्येक नियमाला कोठेतरी कड असते. सहा वर्षे ही एक कड होती, तिच्यापलीकडे तेवीस दिवसांवर आमचा नातू उभा होता. बारा म्हटले, तेरा म्हटले, तरी त्या कडेपलीकडे कोणीतरी उभे असणारच. आणि भाषा न समजणाऱ्या, घाबरणाऱ्या आजीसाठी तर कोठेच रकाना नसतो. तेथे नियम हात टेकतो, आणि उरते ते विचारणे आणि सरकणे.

आपल्यापैकी पुष्कळ घरांतून हल्ली मुले परदेशी आहेत आणि आईबापांची ये-जा चालू असते. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. एकत्र जाणाऱ्यांची तिकिटे एकाच नोंदीवर काढावीत. वेगवेगळी काढली की संगणकाला नाते कळत नाही. आसनाची नोंद ज्या क्षणी उघडते तो क्षण घरातील दोघांना तरी ठाऊक असावा. आसने दूर आली तर विमानात शिरेपर्यंत न थांबता दारापाशीच्या कर्मचाऱ्यास आधी सांगावे. आत विचारावे लागलेच तर अडचण खरी सांगावी, थोडक्यात सांगावी, आणि शक्य तर आपली बरी जागा देऊ करून त्याची साधी मागावी. समोरचा नाही म्हणाला तर रागावू नये. त्याच्या गुडघ्यांचे दुखणे आपल्याला दिसत नसते.

या फेब्रुवारीत नातवाचा फोन आला. डॅलसच्या घरात आता त्याची सात महिन्यांची बहीण आहे, आणि तिला घेऊन सगळे मामाकडे जाणार आहेत. "आजोबा, आता सीटला नंबर असतो. कुणाला विचारावं लागत नाही." मग त्याला विमानातले ते टोपीवाले आजोबा आठवले, आणि बोलता बोलता मी त्याला खांडव्याची गोष्ट सांगितली. घरात ती मी आजवर कोणालाच सांगितलेली नव्हती.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तिथं माणसं नव्हती ना?"

"नव्हती."

"मग तू खोटं बोललास."

"हो."

"ती आजी किती वेळ तशी बसली?"

"दोन-सव्वादोन तास."

"म्हणजे शिकागोपर्यंत," तो म्हणाला. "मग तू सॉरी म्हटलंस?"

"नाही म्हटलं," मी म्हणालो. "म्हणून तर तुला सांगतोय."

आणि म्हणूनच, वाचकहो, आपणांसही सांगितले.